पाहुणीची खाज

गृहप्रवेशाच्या दिवशी उंबऱ्यावरचं माप मी ओलांडायच्या आधीच एका कोकरानं त्यातले तांदूळ खाऊन टाकले. फोटोवाला "वहिनी, थांबा, थांबा" करत होता, पाहुणे हसत होते, आणि माझ्या सासूबाई, मैनाबाई, त्या कोकराला हाकलायचं सोडून म्हणाल्या, "खाऊ दे गो. ती पण पाहुणीच हाय." म्हणजे मीही पाहुणीच. मी तेव्हाच ओळखलं की या घरात आपली सवत कोण ते. नवरा, सुजय, बिचारा रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, त्याच्याकडून असलं काही व्हायची शक्यताच नव्हती.

तिचं नावही मग पाहुणीच पडलं. आमचं गाव गडबपासून आत, भातशेतीचं. भात कापून खाचरं मोकळी झाली की घाटावरून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात. दिवसा मेंढरं चरतात आणि रात्री ठरलेल्या शेतात बसतात, म्हणजे त्या शेताला पुढच्या पिकाचं खत मिळतं. बदल्यात आपण भात द्यायचं. आमच्या शेतात नाथाची मेंढरं बसतात. माझे सासरे दिनानाथ, त्यांच्या वडलांच्या वेळेपासून त्याच्याच घरची बसतात. उन्हं तापली की नाथा कळप घेऊन परत घाट चढतो. एखादं कोकरू अशक्त असलं, चढ झेपणार नाही असं वाटलं, की तो ते माझ्या सासूबाईंकडे ठेवून जातो आणि पुढच्या हिवाळ्यात घेऊन जातो. हा रिवाज जुना आहे. सासूबाईंना मी आई म्हणते, आणि गावात कोकरं जगवण्यात आईंचा हात धरणारं कुणी नाही.

पाहुणीही अशीच आली होती, फाटक्या गोणपाटात गुंडाळून. पुढच्या हिवाळ्यात नाथा तिला न्यायला आला. आईंनी त्याला चहा दिला, भाकरी दिली, ठरलेलं भात दिलं, पण पाहुणी काही दिली नाही. ती गोठ्याच्या कोपऱ्यात लपवून वर स्वतः दारात बसल्या. नाथानं फेटा काढून डोकं खाजवलं आणि तोड काढली. "ऱ्हाऊ दे आक्का तुझ्याकडं. पर हिचं पयलं पिल्लू माझं."

"पहिलं तुझं," आई लगेच म्हणाल्या. "मग मात्र नाव काढायचं नाय."

त्याप्रमाणे झालं. नाथाचा एडका होताच, पाहुणी गाभण राहिली आणि पुढच्या पावसाळ्यात व्याली. एक मादी झाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती मोठी झाल्यावर नाथानं हिवाळ्यात आपल्या कळपात नेली. आई रडल्या, पण शब्द मोडला नाही. पाहुणी पुन्हा काही व्याली नाही. कोकणात मेंढी टिकत नाही, पावसानं खूर सडतात, असं सांगणारे गावात पुष्कळ होते. पाहुणी त्या सगळ्यांना पुरून उरली. गोठ्यात शेळ्यांच्या मध्ये सगळ्यात कोरडी जागा तिची, आणि मी पेणहून कामावरून परत येताना केळी आणली की पहिलं साल तिचं.

खाज सुरू झाली ती यंदा गणपतीच्या सुमाराला. आधी ती गोठ्याच्या मेढीला, लाकडी खांबाला, अंग घासायची. मग कुंपणाला, तुळशीच्या कट्ट्याला, सुजयच्या उभ्या मोटारसायकलला. मेढीला लोकरीचे पुंजके चिकटलेले दिसायचे. मी पेणला औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे घरात मला अर्धी डॉक्टर समजतात आणि मीही ती समजूत मोडत नाही. "खरूज आहे, दुसरं काय," असं म्हणून मी औषध आणलं. आईंनी करंजाचं तेल चोळलं. सासऱ्यांनी कडुनिंबाचा पाला उकळून घातला. गोठ्याला इतका वास यायला लागला की शेळ्या रुसल्या. पाहुणीची खाज मात्र तसूभरही कमी झाली नाही.

त्यात एक गंमत होती, निदान आम्हाला ती गंमत वाटत होती. तिच्या कमरेवर नखांनी खाजवलं की ती मान वर करायची, डोळे अर्धे मिटायची आणि ओठ भराभर हलवायची. शेपूटही हलायचं. आईंना वाटायचं ती बोलते. दूधवाला येवो, पोस्टमन येवो, आई त्याला गोठ्यात न्यायच्या आणि दाखवायच्या. "बघ, कशी बोलते माझ्याशी! सुनेला विचारलं तर हूं की चूं नाय, ही बघ." मी आतून ओरडायचे, "आई, मला ऐकू येतंय!" मग त्या आणखी जोरात खाजवायच्या.

दिवाळी झाली आणि तिची चाल बिघडली. मागचे पाय विनाकारण उंच उचलायची, वळताना कोलमडायची. कुणी भांडं आपटलं की अंगभर थरथरायची. खात होती, पहिल्यासारखीच, कधी जास्तच, आणि तरी तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. तेव्हा माझं डॉक्टरपण संपलं. मी ऋजुताला फोन केला.

ऋजुता जनावरांची डॉक्टर, आमच्या दुकानात औषधं घ्यायला येते म्हणून ओळख झालेली. पेणच्या जुन्या जमीनदार घराण्यातली. आता त्यांच्या घरात सगळे मास्तर नाहीतर डॉक्टर. ही मात्र गुरांची डॉक्टर झाली म्हणून आजोबा वर्षभर तोंड फुगवून बसले होते, हे तीच हसत हसत सांगते. ती आली तेव्हाही हसतच आली. पाहुणीचा ताप बघितला, डोळे बघितले, लोकरीत उवा-गोचीड शोधले. काही सापडलं नाही.

"डॉक्टरीणबाई, ही बोलते, ठाऊक हाय?" आईंनी कौतुकानं सांगितलं आणि तिच्या कमरेवर खाजवलं. पाहुणीनं मान वर केली आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

ऋजुताचं हसू गेलं. तिनं आईंचा हात अलगद बाजूला केला आणि स्वतः खाजवलं. पुन्हा ओठ हलले. थोडं थांबून तिनं तिसऱ्यांदा करून बघितलं.

"मावशी, हे कधीपासून करते?"

"गणपतीपासून. का गो?"

ऋजुता खाली बसली, अगदी शेणातच. "मला वाटतं त्या रोगाला स्क्रेपी म्हणतात," ती म्हणाली. "मी फक्त पुस्तकात वाचलाय. आपल्याकडे सहसा बघायला मिळत नाही, म्हणून माझी चूकही होऊ शकते. पण खाज, ही चाल, खाऊनही झडणं आणि हे ओठ. मावशी, ती बोलत नाही. तो त्या रोगाचाच भाग आहे."

 आईंनी हात पाहुणीच्या पाठीवरून काढून घेतला, भाजल्यासारखा.

मी ऋजुताला विचारलं, कुठला जंतू, कुठलं औषध, मी दुकानातून लगेच आणते. ती म्हणाली, जंतू नाहीच. शरीरात असतंच असं एक प्रथिन असतं. मेंदूत त्याची घडी चुकते, आणि चुकलेली घडी शेजारच्याची घडीही चुकवते. असं वर्षानुवर्षं हळूहळू चालू राहतं. वरून मेंढी चांगली दिसते, आणि एक दिवस खाज सुटते. तिथून पुढे औषध नाही. माणसाला हा रोग होत असल्याचं आजवर दिसलेलं नाही, तेवढी भीती नको. पण मेंढीपासून मेंढीला होतो, शेळीलाही होतो, आणि सगळ्यात जास्त होतो तो विताना. व्याल्यावर जी वार बाहेर पडते, तिच्यातून रोग पसरतो.

"हिची वार कुठे टाकली होती, मावशी?" तिनं सहज विचारलं.

आमच्याकडे शेळी व्याली की वार वडाला नाहीतर उंबराला टांगतात, चिकाच्या झाडाला, म्हणजे दूध वाढतं. मी तेच सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईंनी बोट खाली केलं. पाहुणीच्या खुंट्याकडे.

"हिथं पुरली," आई म्हणाल्या. "माझ्या हातानं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. नाथाचा कळप घाटाकडे निघाला की पाहुणी कुंपणाशी उभी राहून ओरडायची. दिवसेंदिवस ओरडायची, पाण्याला तोंड लावायची नाही. आईंच्या माहेरची समजूत अशी की जनावराची वार घराच्या मातीत पुरली तर त्याचं मन तिथं लागतं. म्हणून ती व्याली तेव्हा, सगळे आत पोळ्या खात असताना, त्यांनी खड्डा करून वार खुंट्याखाली पुरली होती. शेळ्यांनी माती उकरली, तिथंच खाल्लं, तिथंच लोळल्या. "मग ओरडायची थांबली ती," आई म्हणाल्या. "खरंच थांबली. चारी पाय पसरून सुखानं झोपायला लागली हिथं."

मला वाटलं ऋजुता आता बोलणार. मी असते तर बोलले असते. पण तिनं फक्त आईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मावशी, हे कुणालाच ठाऊक नसतं," ती म्हणाली. "उकळत्या पाण्यानं हे जात नाही, फिनेलनं जात नाही, मातीत वर्षं वर्षं राहतं. शेळ्या आजच दुसरीकडे बांधा. विकू नका, कुणाला देऊ नका. बघत राहू."

मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. रोग नक्की आहे की नाही हे मेंदू तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. मेंदू ताजा लागतो. आपल्या हवेत जनावर आपणहून मेलं आणि कुणाला चार तास कळलं नाही तर काही उपयोग नाही. म्हणजे पाहुणीला इंजेक्शन देऊन झोपवायचं आणि लगेच नमुना बर्फात घालून पाठवायचा. संशय वर कळवणं हे तिचं कामच होतं, ते ती करणार होती.

"कशाला?" आई म्हणाल्या. "मरणारच हाय ना ती? मग तिचं ती मरू दे माझ्याजवळ. खात्री करून कुणाचं भलं होणार हाय?"

ऋजुतानं विचारलं, "तिचं पिल्लू कुठे आहे?"

ते पिल्लू तेव्हा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. नाथा आठवड्यापूर्वीच खाली उतरला होता आणि कळप आमच्याच खाचरात बसला होता. कपाळावर ठिपका असलेली ती मेंढी त्यात होती. आणि ती गाभण होती.

ऋजुता गेली आणि घरात भांडण पेटलं. मी म्हणाले, नाथाला आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. सासरे म्हणाले, सांग आणि बघ काय होतं ते. गावात कळलं की नाथाच्या मेंढरांना रोग आहे, तर एकही जण त्याला शेतात पाय ठेवू देणार नाही, अख्खा हिवाळा त्यानं जायचं कुठे? आणि अजून रोगाची खात्री तरी कुठे आहे? मी म्हणाले, खात्रीचाच तर मार्ग आहे. आई या सगळ्यात एका शब्दानं पडल्या नाहीत. त्या मागच्या पडवीत पाहुणीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि हात मुद्दाम तिच्या पाठीपासून दूर ठेवत होत्या, कपाळावरून फिरवत होत्या फक्त. मला त्यांचा राग आला होता, तरी मी जेवणाचं ताट नेऊन ठेवलं. त्यातला भात पाहुणीनं खाल्ला.

नाथाला सासऱ्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. भीती घातली होती त्यांनी, पण मूग गिळून बसणं त्यांच्या स्वभावात नाही. नाथा आमच्या अंगणात उकिडवा बसून ऐकत होता. मला वाटलं आता तो आमच्यावर उलटणार, तुमच्या ओल्या मातीतच माझी मेंढी बिघडली म्हणणार. तो बराच वेळ काठीनं माती कोरत राहिला.

"हिची आय बी अशीच मेली," तो शेवटी म्हणाला.

आईंनी मान वर केली.

"घाटात. खडकाला आंग घासून घासून आर्धी उघडी पडली व्हती. मग चालंना. मला वाटलं वारं लागलं. देवाला नारळ दिला, आंगारा लावला. तिला दूध नव्हतं, म्हून तर हे कोकरू वाळलं, म्हून तर तुझ्याकडं टाकलं आक्का." त्यानं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "म्याच आणून दिलं तुझ्या दारात. चांगलं म्हून दिलं."

"मला काय ठाऊक नाय होय ते," आई म्हणाल्या. "चांगलंच दिलंस तू."

दोघंही मग बसून राहिले. एकानं नकळत दिलं होतं आणि दुसरीनं प्रेमानं पुरलं होतं, आणि कुणी कुणाला दोष द्यायला तयार नव्हतं.  नाथा एवढंच म्हणाला की आता पाहुणीचं काय ते आक्कानं ठरवावं. तो पाहुणीवर हक्क सांगणार नाही, दिलेली वस्तू परत मागायची नसते.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर आई उठल्या आणि खाचराकडे चालायला लागल्या. मी मागोमाग गेले, कारण त्यांचं काही खरं नव्हतं. मेंढरं चरून परत येत होती. आईंनी त्या गर्दीत ठिपक्याची मेंढी अचूक ओळखली, आणि नवल म्हणजे तीही आईंना विसरली नव्हती, सरळ येऊन त्यांच्या लुगड्यात तोंड खुपसलं. पोट खाली ओघळलेलं, कास भरायला लागलेली. आईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. पिल्लू हललं असावं, कारण आईंचा चेहरा क्षणभर उजळला.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच, चोरी केल्यासारखं, तिच्या कमरेवर नखांनी खाजवलं.

 मेंढीनं कान हलवला, बाकी काही नाही. ओठ शांत होते. आईंनी पुन्हा खाजवलं. पुन्हा काही नाही.

"हिला काय नाय गो," त्या म्हणाल्या. आवाज आनंदानं फुटला होता. "बघ, हिला काय नाय!"

"आई," मी म्हणाले, "पाहुणी व्याली तेव्हा तिलाही काही नव्हतं."

हे मी फार हळू म्हटलं, तरी मला माझीच चीड आली.  आई उभ्या राहून कळपाकडे बघत राहिल्या. मेंढरं एकमेकांना रेटत, अंगाला अंग लावून बसत होती. ठिपक्याची मेंढी मध्ये जाऊन बसली. तिच्या चहूबाजूंना दुसऱ्या गाभण मेंढ्या होत्या, पायात कोकरं घुटमळत होती. ती विणार ती इथंच, या सगळ्यांच्या मधोमध, आणि वार पडणार ती सगळ्यांच्या पायाखाली. आमच्या गोठ्यात जे खुंट्याएवढ्या जागेत झालं ते इथं शेतभर होणार. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. आईंनी जागच्या जागी तीनदा चहूकडे बघितलं.

घरी येताना वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "डॉक्टरीणबाईला बोलव. उद्या सकाळीच बोलव, नायतर माझा विचार बदलेल."

ऋजुता आली. मी स्वयंपाकघरात थांबले. मला झेपणार नव्हतं, आणि तसं मी सांगूनही टाकलं. खिडकीतून दिसत होतं तेवढंच मी बघितलं. आईंनी पाहुणीला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि तिच्या कानात काहीतरी सांगत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारणारही नाही. ऋजुतानं इंजेक्शन दिलं. पाहुणीचं डोकं आईंच्या खांद्यावर टेकलं. बराच वेळ आई हलल्या नाहीत, आणि ऋजुतानंही त्यांना उठा म्हटलं नाही.

शेवटी आई उठल्या आणि म्हणाल्या, "डोकं न्यायचं ना तुला? मग तोंड झाकून ने बाय. गावातल्या लोकांनी बघायला नको तिला तशी." त्यांनी आपलं धुतलेलं, इस्त्रीचं लुगडं आणून दिलं. ऋजुतानं ते घेतलं. नमुना घेण्याचं काम तिनं आणि तिच्या माणसानं मागच्या बाजूला केलं, आणि उरलेलं अंग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. त्या वेळी आई चुलीशी भाकऱ्या थापत होत्या. इतक्या थापल्या की दुसऱ्या दिवशीही संपल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्याचे. ठिपक्याची मेंढी नाथानं कळपातून वेगळी काढून आमच्या आंब्याखाली बांधली. सासऱ्यांनी गावात स्वतःच सगळं सांगून टाकलं. लोकांनी नाकं मुरडली, दोघातिघांनी नाथाला आपल्या शेतातून जायला सांगितलं. तेव्हा सासरे नाथाला म्हणाले, "बस तू माझ्याच खाचरात. सगळा हिवाळा बस. डॉक्टरीण म्हणते भाताला काय होत नाय. एकाच शेताला एवढं खत म्हणजे माझा भात यंदा डोक्याच्या वर जाईल."

आम्ही सगळे एकच आशा धरून होतो, की ऋजुता येईल आणि म्हणेल, माझी चूक झाली, तो रोग नव्हताच. मी तर देवापुढे तेच मागत होते. आई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. जेवण तुटलं. मला वाटायचं, त्यांना नाथाच्या कळपाची काळजी लागली आहे.

ऋजुता फोन न करता स्वतःच आली, तेव्हाच मी समजले. तिनं चहालासुद्धा नाही म्हटलं. अंगणात सासरे होते, नाथा होता, मी होते. आई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"आहे," ऋजुता म्हणाली. "स्क्रेपीच आहे."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. नाथा खाली बसला.

आईंनी विचारलं, "म्हणजे ती बरी व्हायचीच नव्हती?"

"नाही मावशी. कशानंच नाही."

"थोडे दिवस थांबलो असतो तरी?"

"हाल झाले असते तिचे. दुसरं काही नाही."

तेव्हा आई रडल्या. पाहुणी गेली त्या दिवशी रडल्या नव्हत्या, त्या आता दारात बसून मोठमोठ्यानं रडल्या. "मला वाटत होतं नाय म्हणून येईल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तेच पायजे होतं. आणि मग मी काय केलं असतं? मी माझ्या पाहुणीला उगाच मारली असती." मी त्यांना जवळ घेतलं. इतके दिवस मी देवाकडे जे मागत होते, ते त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट होतं, आणि मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. मला भयंकर लाज वाटली.

ऋजुतानं नाथाला पुढचं समजावून सांगितलं. विणाऱ्या मेंढ्या वेगळ्या ठेवायच्या, वार जमिनीवर पडू द्यायची नाही, ती गोळा करून खोल पुरायची, कुठलंही जनावर घासायला लागलं की लगेच कळवायचं. पाहुणीच्या आईच्या वंशातलं दुसरं काही कळपात नव्हतं, हे नशीब. राहिली ती आंब्याखालची. ती आता कधीही विणार होती, आणि त्याच्या आधीच तिलाही झोपवायला हवं होतं. ऋजुतानं औषधाची पेटी गाडीतून आणलेलीच होती.

नाथा उठला आणि दोन पावलं जाऊन थांबला. त्यानं आयुष्यभर मेंढरं वाढवली आणि बाजारात विकली, त्याला मरण नवं नव्हतं. पण तो परत वळला.

"गाभण हाय ती," तो म्हणाला. "आमच्यात गाभण मेंढीवर हात टाकत न्हाईत. माझ्या बापानं टाकला न्हाई. मला न्हाई जमायचं आक्का."

  सासरे जमिनीकडे बघत होते. ऋजुता नुसतीच पेटी धरून उभी होती.

आईंनी पदरानं तोंड पुसलं. मग तोच पदर कमरेला खोचला. "तू तुझ्या मेंढरांकडं जा नाथा," त्या म्हणाल्या. "मागं वळून बघू नको. हिला मी धरते."

नाथा खाचराच्या वाटेला लागला. आई आंब्याकडे निघाल्या, आणि मी चपला न घालताच त्यांच्यामागे गेले. मेंढी मोठी होती, पोटात पिल्लू होतं, आणि आईंना एकटीला ती आवरणार नव्हती.